अण्णांचा फॉक्सप्रो ब्राउझरमध्ये चालेल का?

प्रश्न : माझे वडील, अण्णा, आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. संस्थेची दहा दिवसांची बिलं काढायचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या भाषेत लिहिला होता. अण्णा आता नाहीत. एका सीडीवर तो फोल्डर सापडला. २००९ साली भावाने तो नव्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिला, तर शून्याने भागाकार झाल्याची चूक दाखवून लगेच बंद पडला. परवा माझा मुलगा ब्राउझरमध्ये ‘डेव्ह’ खेळत होता, आमच्या शाळेच्या लॅबमधला तोच गेम. काही इन्स्टॉल न करता तो चालतो, तर अण्णांचा प्रोग्रॅमही असाच चालेल का? भाऊ म्हणतो, नोंदी ज्यात आहेत त्या डीबीएफ फाइली एक्सेलसारख्या उघडता येतात, कशाला खटाटोप? (एक वाचक, ता. कराड)

उत्तर : ताई, चालेल. तुम्ही पाठवलेला फोल्डर गेले आठ दिवस माझ्याकडे आहे आणि काल रात्री तो ब्राउझरच्या टॅबमध्ये सुरू झाला. निळ्या पडद्यावर संस्थेचं नाव आलं, खाली तारीख विचारली. मी स्वतः १९९४ पासून सात वर्षं पतसंस्थांचे हिशेब फॉक्सप्रोमध्ये लिहिले आहेत. तो पडदा बघून हात आपोआप एंटरकडे गेला.

मुलगा खेळत होता तो डेव्ह म्हणजे नव्याने बनवलेली नक्कल नव्हे. मूळची डॉसची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या कॉम्प्युटरांवरची, फाइलच तिथे चालते. डॉसबॉक्स नावाचा एक प्रोग्रॅम आहे, २००२ पासूनचा. तो जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेतो : प्रोसेसर, मेमरी, पडदा, साउंड कार्ड, सगळं. हा डॉसबॉक्सच पुढे ब्राउझरला समजेल अशा भाषेत उतरवला गेला. इंटरनेट आर्काइव्हने जानेवारी २०१५ मध्ये डॉसचे सुमारे २४०० गेम असे खुले केले, तेव्हा हे काम जावास्क्रिप्टवर चालायचं. २०१७ च्या अखेरीस चारही मोठ्या ब्राउझरांत वेबअसेंब्ली, म्हणजे जड प्रोग्रॅम वेगाने चालवायची सोय, आली आणि वेग पुष्कळ वाढला. तुमचा फोल्डर मी जेएस-डॉसमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या अशाच एका डॉसबॉक्समध्ये, चालवला. फोल्डरची झिप करून द्यायची, टॅबमध्ये काळा पडदा येतो, तिथे प्रोग्रॅमचं नाव टाइप करायचं.

पहिल्या दिवशी तो सुरूच झाला नाही, कारण फॉक्सप्रोच्या बऱ्याच ईएक्सई, म्हणजे चालवायच्या, फाइली एकट्या चालत नाहीत. त्यांना सोबत ईएसएल नावाची लायब्ररीची फाइल लागते. ती अण्णांनी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली होती, तुमच्या झिपमध्ये ती आलीच नव्हती. तुमच्या भावाने पूर्ण सीडी पाठवली आणि तिढा सुटला.

आता त्या भागाकाराबद्दल. त्यात अण्णांची काही चूक नाही. त्या काळच्या बऱ्याच प्रोग्रॅमांत, फॉक्सप्रोच्या स्वतःच्या पोटातही, मशीन किती वेगवान आहे हे मोजणारा एक छोटा फेरा असे. तो फेरा पुरा व्हायला लागलेल्या वेळाने भागायचं, अशी रीत. पुढची मशीन इतकी जलद झाली की फेऱ्याला लागलेला वेळ शून्य भरू लागला. शून्याने भागलं की प्रोग्रॅम कोसळतो. डॉसबॉक्समध्ये सोंगातल्या प्रोसेसरचा वेग हाताने कमी करता येतो, तिथे त्याला सायकल्स म्हणतात. वेग उतरवून ठेवा, ती चूक उगवायची नाही. बिलं काढताना प्रोग्रॅम जरा रेंगाळेल, पण तेव्हाही तो रेंगाळतच असे.

एका गोष्टीची तुम्ही काळजी व्यक्त केली होती : सभासदांची खाती कुणाच्या सर्व्हरवर जातील का? मी असं केलं. आधी त्याच पानावर एक गेम चालवून पाहिला, म्हणजे लागणारं सगळं लॅपटॉपवर उतरलं. मग वायफाय बंद केलं आणि त्यानंतर तुमची झिप दिली. प्रोग्रॅम चालला. म्हणजे तो माझ्याच लॅपटॉपवर, त्या टॅबच्या आत चालत होता. काम झाल्यावर टॅब बंद केला आणि त्या साइटचा डेटा पुसला, मगच वायफाय पुन्हा लावलं. तुम्हीही असंच करा. माणसांच्या उचलीचे आकडे आहेत, ते जपायलाच हवेत.

आणि टॅबमध्ये बसून एकही नोंद बदलू नका. हे मी कळकळीने सांगते. त्या पडद्यावर दिसणारी सी ड्राइव्ह ही टॅबच्या मेमरीतली आहे, तुमच्या खऱ्या डिस्कला तिथून हात लागत नाही. बदल फार तर ब्राउझर स्वतःच्या साठ्यात ठेवतो. हिस्टरी साफ करताना तो साठा पुसला जाऊ शकतो. सफारीत तर, ब्राउझर वापरात असताना सात दिवस त्या साइटला हात लावला नाही, तरी तो काढून टाकला जातो. दुसरा धोका फॉक्सप्रो वापरलेल्या माणसाच्या बोटांत असतो. फॉक्सप्रोमध्ये नोंद जपून बाहेर पडायचं तर कंट्रोल-डब्ल्यू. ब्राउझरमध्ये कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की टॅब बंद. मी अर्धा तास खोट्या नोंदी भरल्या आणि सवयीने ते दाबलं, सगळं गेलं. बघण्यापुरता ब्राउझर उत्तम. काही दुरुस्त करायचं असेल तर लॅपटॉपवर साधा डॉसबॉक्स बसवा, तिथे कंट्रोल-डब्ल्यू फॉक्सप्रोलाच मिळतं. छपाईसाठीही तेच : टॅबला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर माहीत नाही. अण्णांनी मेनूत ‘रिपोर्ट फाईलमध्ये’ असा पर्याय ठेवला आहे, तो वापरा.

सभासदांच्या नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, ती फाइल खराब झाल्यामुळे नव्हेत. त्या कॉम्प्युटरमध्ये ‘मराठीचं कार्ड’ होतं असं तुम्ही लिहिलंय, ते बहुधा पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड. डॉसला मराठी येत नसे, देवनागरी अक्षरं ते कार्ड पडद्यावर काढायचं. डॉसबॉक्समध्ये ते कार्ड नाही, म्हणून तिथे मराठी दिसणार नाही. पण फाइलमध्ये अक्षरांचे क्रमांक जसेच्या तसे आहेत, इस्की या भारतीय पद्धतीतले. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे रूपांतर अवघड नाही. गावातली दहा-बारा नावं तुम्हाला खाते नंबरासह आठवत असतील तर मला कळवा. ती ताडून तक्ता नक्की करते आणि सगळी यादी मराठीत पाठवते.

भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. डीबीएफ लिबरऑफिसमध्ये सहज उघडते. लिटर, फॅट, डिग्री, उचल, पशुखाद्याची कपात, सगळे रकाने दिसतात. पण अण्णांचा मूळ सोर्स, म्हणजे त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅमचा मजकूर, सीडीवर नाही, फक्त चालणारी फाइल आहे. त्यामुळे त्यांनी घातलेले नियम रकान्यांत दिसत नाहीत, प्रोग्रॅम चालवल्यावरच दिसतात. मी कपातीच्या पडद्यावर एका खोट्या खात्याला पशुखाद्याची मोठी रक्कम भरली. बिलाच्या निम्म्याच्या वर आकडा जाताच प्रोग्रॅम थांबला. खाली एक ओळ आली, इंग्रजी लिपीत मराठी : ‘घरी किती जाणार? पुन्हा बघा.’ मी तरीही एंटर दाबलं. तो पुढे गेला नाही. रक्कम निम्म्यावर आणल्यावरच त्याने नोंद घेतली.

मेनूतला सातवा पर्याय, मग खातं ९९९. वायफाय बंद करून भावाला शेजारी बसवा आणि कपातीचा तो पडदा त्याला दाखवा.