खाजगी नेटवर्कवरच्या सर्व्हरना होस्टनेम आणि डोमेन कसं निवडावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आतल्या नेटवर्कवर सात-आठ सर्व्हर आहेत, आजवर आयपी पाठ करून काम भागवलं, आता स्वतःचा डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) बसवताय. तर डोमेन ‘कंपनी.लोकल’ ठेवावं का, आणि मशीनना ग्रहांची नावं द्यावीत की ‘सर्व्हर-०१’ छापाची?

आधी डोमेनचं बघू. मशीनचं नाव एका दुपारी बदलता येतं. डोमेन बदलायचं म्हणजे सर्टिफिकेटं (साइट खरी असल्याचे डिजिटल दाखले), लॉगिन, बॅकअपच्या स्क्रिप्ट, लोकांचे बुकमार्क असं सगळंच उसवावं लागतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) असेल तर विचारूच नका.

डॉट लोकल नको. २०१३ साली आरएफसी ६७६२ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम आणि सल्ले सांगणारे क्रमांकित दस्तऐवज) हा शेवट मल्टिकास्ट डीएनएसला, म्हणजे एमडीएनएसला, देऊन टाकला. अ‍ॅपलचं बोनजूर, लिनक्सवरचं अवाही, ज्याच्या जिवावर प्रिंटर आपोआप सापडतो, तेच हे. त्यामुळे डॉट लोकलने संपणारं नाव दिसलं की बरीच यंत्रं तुमच्या डीएनएस सर्व्हरला विचारण्याऐवजी नेटवर्कवर हाळी देतात, ‘हे नाव कोणाचं?’ याचं लक्षण मोठं गमतीचं असतं. ‘डिग’ ही कमांड मारली की पत्ता अगदी बरोबर येतो, आणि त्याच मशीनवर ‘पिंग’ मारलं की नाव सापडत नाही. डिग थेट डीएनएस सर्व्हरकडे जातं. पिंग आणि बाकीचे बहुतेक प्रोग्राम मात्र ‘एनएसस्विच.कॉन्फ’ या फाइलीतल्या ‘होस्ट्स’ ओळीचा क्रम पाळतात. त्या ओळीत डीएनएसच्या आधी एमडीएनएस असलं, आणि पुढे ‘सापडलं नाही तर इथूनच परत फीर’ अशी सूचना असली, की प्रश्न तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. हे वागणं आवृत्तीगणिक बदलतं, म्हणून एकाच्या लॅपटॉपवर चालतं आणि शेजारच्याच्या नाही. असला दोष शोधत बसण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. जुन्या लेखांमध्ये डॉट लोकल सर्रास सुचवलेलं दिसेल, ते मायक्रोसॉफ्टच्या स्मॉल बिझनेस सर्व्हरच्या काळातलं आहे. ते वाचून पुढे जा.

मनाने एखादा शेवट जोडणंही तितकंच धोक्याचं. डॉट डेवचं काय झालं ते आठवत असेल. कित्येक डेव्हलपर आपापल्या मशीनवर तो बिनधास्त वापरत होते. मग गूगलने ते टॉप लेव्हल डोमेन घेतलं, आणि डिसेंबर २०१७मध्ये आलेल्या क्रोम ६३पासून डॉट डेवची प्रत्येक साइट सक्तीने एचटीटीपीएसवर जाऊ लागली. साध्या एचटीटीपीवर चाललेले लोकल सर्व्हर एका ब्राउझर अपडेटने उघडेनासे झाले. डॉट कॉर्प, डॉट होम आणि डॉट मेल हे तीन शेवट तर खाजगी नेटवर्कांमध्ये इतके मुरले होते की २०१८मध्ये आयकॅनने (डोमेननावांचा जागतिक कारभार पाहणारी संस्था) त्यांच्यासाठी आलेले अर्ज पुढे न नेण्याचं ठरवलं.

माझं मत सरळ आहे: जे डोमेन तुमच्या नावावर आहे त्याच्याच पोटात एक उपडोमेन काढा. ईमेलसाठी किंवा वेबसाइटसाठी तुमच्याकडे एखादं डोमेन असणारच. समजा ते उदाहरण.कॉम आहे. मग आतल्यांसाठी ‘आत.उदाहरण.कॉम’ घ्या आणि सगळे सर्व्हर त्याखाली ठेवा. (इथे मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं.) जगात दुसरं कोणी हे नाव घेऊ शकत नाही. उद्या दुसऱ्या कंपनीशी नेटवर्क जोडावं लागलं तरी टक्कर होत नाही. आणि सर्वांत मोठा फायदा सर्टिफिकेटचा. सार्वजनिक सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांनी २०१५च्या नोव्हेंबरपासून अंतर्गत नावांना सर्टिफिकेट देणं बंद केलंय. स्वतःच्या डोमेनवर मात्र लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची डीएनएस पडताळणी वापरता येते. बाहेरच्या डीएनएसमध्ये एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद टाकायची, सर्व्हर इंटरनेटला दाखवायची गरजच नाही. ब्राउझरमधला लाल इशारा ‘तरीही पुढे जा’ म्हणून दाबायची सवय लोकांना लागत नाही, हे मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

एक खाचखळगा आहे. अशी प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक लॉगमध्ये नोंदली जाते, म्हणजे ‘पगार.आत.उदाहरण.कॉम’ हे नाव कोणालाही वाचता येतं. ते नको असेल तर वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (‘*.आत.उदाहरण.कॉम’ असं, सगळ्या नावांना एकच) घ्या. फक्त लक्षात ठेवा, वाइल्डकार्ड एकाच पातळीला लागू पडतं. ‘गिट.आत.उदाहरण.कॉम’ चालेल, ‘जुनं.गिट.आत.उदाहरण.कॉम’ चालणार नाही. म्हणून नावांची उतरंड उथळच ठेवा.

आतला डीएनएस बसवताना पूर्ण उदाहरण.कॉमची दुसरी प्रत आत ठेवू नका, फक्त ‘आत’ हा झोन (डीएनएसच्या नोंदींचा एक गट) ठेवा. पूर्ण प्रत ठेवली की बाहेर वेबसाइटचा पत्ता बदलतो, आतली नोंद तशीच राहते, आणि सगळ्या जगाला नवी साइट दिसत असताना ती बनवणाऱ्यांनाच जुनी दिसते. काही जण खाजगी पत्ते बाहेरच्या डीएनएसमध्येच टाकून मोकळे होतात. चालतं, पण काही राउटर आणि डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर रीबाइंडिंगच्या (बाहेरच्या नावाआडून आतल्या यंत्रांवर होणाऱ्या हल्ल्याच्या) भीतीने अशी उत्तरं गाळतात. मग ते डोमेन अपवादाच्या यादीत घालावं लागतं.

स्वतःचं डोमेन खरंच नसेल तर डॉट इंटर्नल घ्या. जुलै २०२४मध्ये आयकॅनने हा शेवट खाजगी वापरासाठी कायमचा राखून ठेवला, तो कधी विकला जाणार नाही. पण त्यावर सार्वजनिक सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणजे स्वतःची सीए (सर्टिफिकेट देणारी यंत्रणा) चालवा आणि तिचं रूट सर्टिफिकेट प्रत्येक यंत्रात बसवा. शिवाय डीएनएसचा सर्वांत वरचा मूळ झोन ‘असं काही अस्तित्वातच नाही’ असं सहीनिशी सांगतो, त्यामुळे डीएनएससेक (उत्तरांवरची सही) तपासणारा रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) तुमचं उत्तर खोटं ठरवू शकतो. अनबाउंड या रिझॉल्व्हरमध्ये ‘डोमेन-इनसिक्युअर’ ही ओळ घालून हा प्रश्न सुटतो. घरच्या नेटवर्कसाठी २०१८च्या आरएफसी ८३७५ने होम.आर्पा दिलंय. त्याच्या बाबतीत ही डीएनएससेकची अडचण आधीच सोडवून ठेवलीय.

आता मशीनची नावं. ग्रह की आकडे या वादात पडण्याआधी एक काम करा, प्रत्येक गोष्टीला दोन नावं द्या. एक मशीनचं, जे मशीन भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. दुसरं सेवेचं, जे सीनेमने (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारी डीएनएस नोंद) त्या मशीनकडे बोट दाखवतं. ‘गिट’, ‘विकी’, ‘बिल्ड’, ‘डेटाबेस’ ही सेवांची नावं. कॉन्फिग फाइलींमध्ये, बुकमार्कमध्ये, कागदपत्रांत फक्त हीच लिहायची. सेवा दुसऱ्या मशीनवर हलवायची झाली की आदल्या दिवशी टीटीएल (नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणा, दुसऱ्या दिवशी सीनेम फिरवा, झालं. सेवेचं नाव सॉफ्टवेअरवरून ठेवू नका. ‘जेन्किन्स’ नावाच्या पत्त्यावर तीन वर्षांनी भलतंच काही चालत असतं. सर्टिफिकेटमध्येही सेवेचंच नाव हवं. विंडोजच्या फाइल शेअरला सीनेमने गेलं की केर्बेरॉस (विंडोज वापरतं ती ओळख पटवण्याची पद्धत) कुरकुर करतं, तिथे एसपीएन (सेवेचं केर्बेरॉसमधलं नाव) वेगळं नोंदवावं लागतं.

कामावरून मशीनचं नाव का ठेवू नये, याची उदाहरणं १९९०च्या आरएफसी ११७८मध्ये आहेत आणि ती आजही लागू पडतात. एका कारखान्याच्या प्रकल्पात शॉप फ्लोअरसाठीच्या मशीनला ‘शॉप’ नाव दिलं. पुढे त्याच कामाला दुसरं मशीन आलं, त्याला तेच नाव देता येईना. काही काळाने पहिलं मशीन भलत्याच प्रकल्पात गेलं. आणखी एका ठिकाणी डेटाबेसचे अपडेट घेणाऱ्या मशीनचं नाव होतं ‘अप’. मग ‘अप डाउन आहे का?’ असे संवाद.

सात-आठ मशीनसाठी मला थीमच आवडते, पण ग्रह नकोत, आठातच संपतात. नक्षत्रं सत्तावीस आहेत. मात्र त्यातली रोमनमध्ये एकाच प्रकारे लिहिली जातील अशीच निवडा. मघा, चित्रा ठीक. ज्येष्ठा, धनिष्ठा, कृत्तिका ही नावं चार जण चार प्रकारांनी टाइप करतील आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटेल. टीममध्ये रोहिणी असेल तर सर्व्हरला ते नाव नको. ‘रोहिणी सकाळपासून उत्तर देत नाहीये’ हे वाक्य एकदाच गमतीचं वाटतं.

मशीनं विसाच्या पुढे गेली, किंवा ती आपोआप बनत-मोडत असतील, तर थीम सोडा आणि आकडे घ्या. ०१, ०२ असे दोन अंकी, म्हणजे यादी नीट लागते. खरं आणि चाचणीचं हा फरक नावातच हवा, आणि तो सुरुवातीला हवा. रात्री दोन टर्मिनल शेजारी उघडी असतात, एकात ‘डीबी-०३-प्रॉड’, दुसऱ्यात ‘डीबी-०३-टेस्ट’, आणि हात ‘रीबूट’ टाइप करत असतो. तेव्हा डोळा पहिली दोन-तीन अक्षरंच वाचतो. खोली, रॅक, आयपी, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती यातलं काहीही नावात घालू नका, सगळं बदलतं.

नियमांचं झटपट: अक्षरं लहान, अंक आणि मधली आडवी रेघ एवढंच वापरा. अंडरस्कोअर नको, जावासारख्या ठिकाणी अशा नावाच्या यूआरएलमधून होस्टच मिळत नाही. डीएनएसमध्ये एका भागाला ६३ अक्षरांची मुभा असली तरी विंडोजच्या नेटबायोसला (नावांच्या जुन्या पद्धतीला) १५च दिसतात, म्हणून १५च्या आत राहा. आणि निवृत्त मशीनचं नाव नव्याला देऊ नका. एसएसएचच्या (दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या साधनाच्या) ओळखीच्या यादीत, मॉनिटरिंगच्या आलेखांत, बॅकअपमध्ये जुनंच नाव बसलेलं असतं.

उलट्या नोंदीही (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या) त्याच दिवशी करून टाका, १९२.१६८चे पत्ते असतील तर १६८.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा हा झोन. नाहीतर लॉग वाचताना पुन्हा आयपीच पाठ करावे लागतील.

आयपी काढून नावं घालायचा उत्साह एका ठिकाणी मात्र आवरा. ज्या होस्टवर डीएनएसचं व्हर्च्युअल मशीन चालतं त्याने आपलं स्टोरेज नावाने जोडू नये, तिथे आयपीच लिहा. वीज जाऊन सगळं एकदम उठतं तेव्हा डीएनएस स्टोरेजची वाट बघतं, स्टोरेज जोडणारा होस्ट डीएनएसची, आणि दोघंही तसेच थांबून राहतात.