लाइट गेली तेव्हा मी जे केलं त्याला इंग्रजीत काय म्हणू?

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी नागपूरची, बीकॉम फायनलला आहे. कॉलेजच्या गॅदरिंगमधे अँकरिंग करत होते न मधेच लाइट गेली, माईक बंद, मग मी तशीच ओरडून पब्लिकला कोडी घातली, टाळ्यांवर गाणी म्हणायला लावली, असे दहा मिनिटं काढले. हे बायोडेटात टाकायचं आहे. मैत्रीण म्हणते इम्प्रॉम्प्टू लिही, दादा म्हणतो स्पॉन्टेनियस, सर म्हणतात एक्सटेम्पोर. कोणता बरोबर, काही समजून नाही राहिलं.

उत्तर: दादाचा शब्द आधी बाजूला काढू. स्पॉन्टेनियस म्हणजे आतून आपोआप आलेलं, हसू किंवा टाळ्या असतात तसं. माणसाला स्पॉन्टेनियस म्हटलं तर कौतुकच, पण दोस्तांमधलं, म्हणजे रात्री ११ ला मूड आला न गाड्या काढून रामटेकला निघाले त्या टाइपचं (त्या निघण्याला ऑन द स्पर ऑफ द मोमेंट म्हणतात, ते निर्णयाला लागतं, भाषणाला सहसा नाही). नोकरी देणारा वाचेल तर म्हणेल, ही पोरगी मूडवर चालते की काय.

एक्सटेम्पोर आपल्याकडे स्पर्धांमुळे माहीत झाला, चिठ्ठी उचला न बोला. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या शाळांच्या स्पर्धांमधे एक्स्टेंपवाल्यांना विषय मिळाल्यावर तयारीला ३० मिनिटं देतात आणि आपण ज्याला एक्सटेम्पोर म्हणतो ते तिकडे इम्प्रॉम्प्टूत जातं. (डिक्शनरीतला उच्चार एक्स्टेंपरी आहे, पण इंटरव्ह्यूत तसं म्हणशील तर समोरचाच गोंधळेल, राहू दे.) काही असो, तो भाषणाचा शब्द, आणि तू काही भाषण दिलं नाहीस.

मैत्रिणीचा इम्प्रॉम्प्टू चुकीचा नाही, पण तो एवढंच सांगतो की आधीपासून ठरलेलं नव्हतं, जमलं का फसलं यावर गप्प. आणि कोणी ऑफ द कफ (म्हणजे तयारीशिवाय बोललेलं) सुचवलं तर ऐकू नको, शर्टाच्या कफवर खरडलेल्या टिपणांवरून तो आला असं मानतात, पण आता एखाद्या नेत्याची जीभ घसरली की बातमीत हमखास भेटतो. विंग इट नाटकाच्या विंगेतला, अर्थ तयारी न करता वेळ मारून नेणे, तो कँटीनमधेच शोभतो.

मी असते तर इम्प्रोव्हाइज लिहिलं असतं. त्यात अडचण आहे, हाताशी असलेल्यातून काढलेला मार्ग आहे, आणि हाताशी काहीतरी असावं लागतं हेही आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात ते 'आय हॅव अ ड्रीम' लिहून आणलेल्या मसुद्यात नव्हतंच, कागद सोडून ते बोलले, पण तीच कल्पना त्यांनी आधी दुसऱ्या सभांमधून मांडलेली होती, म्हणून ऐनवेळी तोंडात आली. तुझ्याकडेही कोडी न गाणी आधीची होतीच ना, फक्त त्या कार्यक्रमासाठी नव्हती.

तर लिही, 'इम्प्रोव्हाइज्ड अ टेन-मिनिट ऑडियन्स सेशन ड्युरिंग अ पॉवर कट'. शेजारी क्रिएटिव्ह वगैरे चिकटवू नको, तो शब्द प्रत्येकाच्या बायोडेटात असतो न कोणी वाचत नाही. इंटरव्ह्यूत तोंडी सांगताना थिंक ऑन माय फीट (ऐनवेळी पटकन डोकं चालवणे) म्हटलं तरी छान बसतं, पण मग एखादं कोडं तयार ठेव, विचारतील.