सामना, स्पर्धा की डाव?

एका वाचकाने बुद्धिबळाच्या इतिहासावर लेख लिहायला घेतला आहे. त्यातलं एक वाक्य असं: ‘१८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात झालेला पहिला आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ सामना अ‍ॅडॉल्फ अँडरसन यांनी जिंकला.’ मित्राने ‘सामना’ खोडून ‘स्पर्धा’ केलं. क्रिकेटचा सामना चालतो, कबड्डीचा चालतो, मग बुद्धिबळाचा का नको, असा त्यांचा सवाल आहे. जाता जाता त्यांनी ‘चाल’ आणि ‘खेळी’ यांतला फरकही विचारला आहे.

मित्राची दुरुस्ती बरोबर आहे. पण तिचं कारण ‘स्पर्धा हा जास्त शुद्ध शब्द’ असं कुणी सांगेल तर ते मान्य करू नका.

क्रिकेटमध्ये दोन संघ एकदा भिडले की तो सामना, आणि त्या सामन्याच्या पोटात डाव. बुद्धिबळातही डाव सामन्याच्या पोटातच असतो, फक्त तिथला डाव स्वतःपुरता पुरा असतो. सोंगट्या मांडल्यापासून मात होईपर्यंत, कुणी हार कबूल करेपर्यंत किंवा बरोबरी होईपर्यंत जे चालतं तो डाव. त्याच दोघांनी ठरवून अनेक डाव खेळायचे आणि सगळ्यांचा मिळून एक निकाल लावायचा, तो सामना. अनेकांनी भाग घेऊन एक विजेता काढायचा, ती स्पर्धा.

आता लंडनला काय झालं ते बघा. हाइड पार्कात प्रदर्शन भरलं, त्यासाठी युरोपभरचे लोक येणारच होते. ती संधी साधून इंग्रज बुद्धिबळपटू हॉवर्ड स्टाँटन यांनी १६ खेळाडूंची स्पर्धा घडवून आणली. पद्धत बाद. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या आणि हरला तो गेला. पहिल्या फेरीत दोन डाव जिंकणारा पुढे, त्यानंतरच्या फेऱ्यांत चार. म्हणजे अँडरसन यांनी एक नव्हे, चार सामने जिंकले: किझेरिट्स्की, सेन, खुद्द स्टाँटन आणि अंतिम फेरीत वायविल. ‘सामना जिंकला’ म्हटलं तर वाचक विचारणार, यातला कुठला? चिठ्ठ्यांची गंमत अशी की किझेरिट्स्कींसारखा कसलेला गडी पहिल्याच फेरीत अँडरसन यांच्यापुढे आला आणि घरी गेला. स्टाँटन तिसऱ्या क्रमांकाचा सामनाही विल्यम्स यांच्याकडून हरले आणि विल्यम्स फार वेळ खातात म्हणून कुरकुरत राहिले. घड्याळ नव्हतंच, त्यामुळे तक्रारीत तथ्य होतं. तरी ‘रडीचा डाव’ हे शब्द ओठांवर येतातच.

अकरा वर्षांनी, १८६२ च्या प्रदर्शनाच्या वेळी, लंडनलाच पुन्हा स्पर्धा झाली आणि तिथे आपल्या शब्दांची खरी परीक्षा आहे. या खेपेला साखळी पद्धत आली. १४ खेळाडू, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ. बरोबरी झाली तर डाव पुन्हा खेळायचा. इथे दोघांमध्ये निकाली डाव एकच, म्हणजे डाव थेट स्पर्धेत मोजला गेला आणि मधली सामन्याची पायरीच गळाली. कबड्डीच्या सवयीने आपण ‘साखळी सामने’ लिहून जातो, पण या स्पर्धेबद्दल लिहिताना ‘साखळीतले डाव’ म्हणणं जास्त नेमकं. तीही अँडरसन यांनीच जिंकली.

पाच वर्षांनी पॅरिसला पद्धत साखळीच, पण डाव बरोबरीत सुटला तर दोघांनाही भोपळा. कोलिश पहिले आले. पुढे ते बँकर झाले आणि ‘बॅरन’ही.

१८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनाच्या वेळी मात्र सामना परत आला, तोही साखळीच्या आत. १२ खेळाडू, प्रत्येक जोडीचा तीन डावांचा छोटा सामना. दोन डाव जिंकले की तिसऱ्याचं कारण उरत नाही. सामना जिंकणाऱ्याला एक गुण, सामना बरोबरीत सुटला तर अर्धा. एकेक डाव किती जिंकले याला गुणतक्त्यात जागाच नव्हती. श्टाइनिट्स आणि ब्लॅकबर्न दोघेही ११ पैकी १० गुणांवर थांबले, तेव्हा निर्णायक सामना झाला आणि श्टाइनिट्स २-० ने जिंकले. या स्पर्धेचं वर्णन डाव आणि सामना वेगळे ठेवल्याशिवाय करताच येत नाही. करून बघा, गुणांचा हिशेब लागत नाही.

जवळचं उदाहरण हवं असेल तर २०२५ चा महिला विश्वचषक घ्या. जॉर्जियातल्या बातूमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने तो जिंकला. स्पर्धा बाद पद्धतीची, अंतिम सामना कोनेरू हंपीशी. त्यातले नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत दिव्याने सामना मारला. रचना १८५१ चीच. उलट १८८६ साली श्टाइनिट्स आणि त्सुकरटोर्ट जगज्जेतेपदासाठी भिडले तेव्हा खेळणारे दोघेच, म्हणून तिथे ‘सामना’च म्हणायला हवं.

तरीही प्रश्नकर्त्यांच्या कानाला मी दोष देणार नाही. मुंबईच्या क्रिकेटला मराठी माणूस ‘चौरंगी सामने’, ‘पंचरंगी सामने’ म्हणत आला, आणि त्या स्पर्धाच होत्या. म्हणजे अनेकवचनी ‘सामने’ हा स्पर्धेसाठी रुळलेला शब्द आहे. ‘लंडनला बुद्धिबळाचे आंतरराष्ट्रीय सामने झाले’ हे मला पूर्ण चालेल. खटकतं ते एकवचन.

मित्राच्या पेन्सिलीतून मात्र एक गोष्ट निसटली: ‘प्रदर्शनात’. ही स्पर्धा प्रदर्शन भरलं होतं त्या काचेच्या भव्य इमारतीत झालीच नाही, ती झाली सेंट जॉर्ज बुद्धिबळ क्लबात. शिवाय ‘प्रदर्शनीय सामना’ हा शब्द आपल्याकडे मदतनिधीसाठी वगैरे होणाऱ्या हौसेच्या लढतीला वापरतात, त्यामुळे ‘प्रदर्शनातला सामना’ वाचून हा लुटुपुटीचाच काही प्रकार होता असं वाटू शकतं. तो तसा नव्हता, पहिलं बक्षीस १८३ पौंडांचं होतं. तेव्हा ‘प्रदर्शनाच्या निमित्ताने’ किंवा ‘प्रदर्शनाच्या वेळी’ लिहा.

आता चाल आणि खेळी. सोंगटी एका घरातून दुसऱ्या घरात नेली ती चाल. ‘खेळी’ बुद्धिबळातही ऐकू येते, पण ती विचारपूर्वक टाकलेल्या डावपेचासाठी. आणि क्रिकेटच्या पानावर ‘शतकी खेळी’ इतकी पक्की बसली आहे की मोजणीसाठी तरी ‘चाल’च बरी. अँडरसन–किझेरिट्स्की यांचा ‘अमर डाव’ तुमच्या लेखात येणार असेलच. तोही २१ जून १८५१ चा, लंडनचाच, पण स्पर्धेबाहेर सहज म्हणून खेळलेला. त्याला ‘स्पर्धेतला डाव’ लिहू नका. अँडरसन यांनी त्यात एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही दिला, आणि उरलेल्या उंटाने, दोन घोड्यांच्या जोरावर, २३ व्या चालीला मात केली. वजीर देणं ही खेळी, त्यानंतरची उंटाची ती चाल.