एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये आपण सरासरीपेक्षा वर गेलोय हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: या कॉम्प्युटर गेमच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये वन-व्ही-वन रँक्डमध्ये (एकास एक, गुणांकनाचे सामने) तुमचं एलो, म्हणजे कौशल्याचं गुणांकन, ८५० वरून ११५० झालं, पण गेम अजूनही निम्मेच जिंकता. मग ही प्रगती खरी की नशिबाची?

खरी आहे. जिंकण्याची टक्केवारी हे प्रगती मोजण्याचं सर्वांत वाईट माप आहे आणि बहुतेक जण तेच माप लावून निराश होतात. मॅचमेकिंगचं कामच तुमच्या तोडीचा प्रतिस्पर्धी शोधून देणं हे आहे. तुम्ही सुधारलात की तोही सुधारलेला मिळतो. ८५० ला निम्मे हरत होता, ११५० ला निम्मे हरता, उद्या १४०० ला गेलात तरी निम्मेच हराल. हेरासारखे जगातले अव्वल खेळाडू २८०० च्या पुढे गेले, त्या अगदी टोकाला मात्र वर बरोबरीचं फारसं कुणी उरत नाही, म्हणून त्यांची टक्केवारी चढलेली दिसते. आपल्यासाठी ५० टक्के म्हणजे यंत्रणा नीट चालली आहे, एवढाच अर्थ.

एलोच्या सूत्रात १०० गुणांचा फरक म्हणजे वरच्याला १०० पैकी साधारण ६४ विजय, २०० चा फरक म्हणजे ७६ आणि ३०० चा म्हणजे ८५. म्हणजे आजचे तुम्ही ८५० च्या काळातल्या स्वतःशी १०० गेम खेळलात, तर ८५ जिंकाल. हे नशिबाने होत नाही. पण ३०-४० गुणांच्या चढउताराला काहीच अर्थ देऊ नका. तोडीस तोड गेममध्ये एका निकालाने साधारण १६ गुण इकडचे तिकडे होतात, त्यामुळे सलग पाच हरलात की ८० गुण गेले. आणि नाणेफेकीसारख्या ५०-५० गेममध्येही १०० गेमांत कधी ना कधी सलग पाच हरण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. त्या पाच पराभवांनंतर बिल्ड ऑर्डर (सुरुवातीच्या कामांचा ठरलेला क्रम) बदलू नका, सिव्हिलायझेशन (निवडलेली संस्कृती) बदलू नका. शेवटच्या ५० गेममध्ये तुमचं एलो ज्या आकड्याभोवती फिरतंय, तो तुमचा खरा आकडा.

आता "सरासरी" कुणाची? वन-व्ही-वनमध्ये प्रत्येकाची सुरुवात १००० पासून होते आणि जिंकणारा जे कमावतो ते साधारण हरणाऱ्याच्या खात्यातून येतं, म्हणून सरासरी १००० च्या आसपास राहते. थोडे गेम हरून सोडून जाणारे आपले गुण मागे ठेवून जातात, त्यामुळे नियमित खेळणाऱ्यांची सरासरी किंचित वर सरकत असणार. म्हणून १०२० ला मी "सरासरीच" म्हणेन, ११५० ला निःशंकपणे "वर". शिवाय ही सरासरी फक्त रँक्ड खेळणाऱ्यांची आहे. कॅम्पेन खेळणारे, एआयशी खेळणारे, रविवारी मित्रांबरोबर ब्लॅक फॉरेस्टच्या नकाशावर भिंती बांधून बसणारे तिच्यात येतच नाहीत. तेही धरले तर तुम्ही बरेच वर आहात. टीम गेमचा आकडा मात्र इथे आणू नका. तो वेगळा मोजला जातो आणि त्यात तुमच्या जोडीदारांचा वाटा किती हे सांगता येत नाही.

आकड्यापेक्षा भरवशाचा पुरावा रेकॉर्डेड गेममध्ये, म्हणजे रिप्लेमध्ये असतो. गेम संपल्यावर अचीव्हमेंट्समध्ये टेक्नॉलॉजीच्या पानावर फ्युडल आणि कॅसल एजला (डार्क एजनंतरचं दुसरं आणि तिसरं युग) पोहोचल्याची वेळ दिसते. ती आदर्श वेळेशी ताडून बघा. हिशोब सोपा आहे: सुरुवातीला तीन व्हिलेजर (कामकरी) आणि एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) म्हणजे लोकसंख्या ४. टाउन सेंटर या मुख्य इमारतीत एका वेळी एकच काम होतं: एक व्हिलेजर बनायला २५ सेकंद, लूमला (व्हिलेजरना कणखर करणारं संशोधन) २५ सेकंद, फ्युडलला १३० सेकंद. २२ लोकसंख्येवर फ्युडल दाबलं तर १८ व्हिलेजर बनवले, म्हणजे ४५० सेकंद, अधिक लूम २५, अधिक १३०. एकूण ६०५ सेकंद, म्हणजे १० मिनिटं ५ सेकंद. २१ वर दाबलं तर ९:४०. तुम्ही २२ वर दाबून ११:०५ ला पोहोचलात, तर टाउन सेंटर पूर्ण एक मिनिट रिकामं उभं होतं. मिनिटभरात दोन-अडीच व्हिलेजर बनले असते आणि ते उरलेला सगळा गेम काम करत राहिले असते. माझ्या अंदाजाने सरासरीच्या खेळाडूचा डार्क एजमध्ये एवढा वेळ सहज जातो. आदर्श वेळेच्या ३० सेकंदांच्या आत राहणं तुम्हाला दहापैकी आठ गेममध्ये जमत असेल, तर तुम्ही सरासरीच्या वर आहात. ही तुलना करताना चायनीज (सुरुवातीला सहा व्हिलेजर), मायन (चार व्हिलेजर), टाउन सेंटर जास्त वेगाने चालवणारे पर्शियन आणि बेरीची दोन झुडपं घेऊन येणारे गुर्जर हे चार सोडून द्या. त्यांचं गणित वेगळं पडतं.

तो वेळ कुठे जातो, हेही रिप्लेमध्ये दिसतं आणि कारणं ठरलेली असतात. पहिलं घर. टाउन सेंटर पाचच लोकांना जागा देतं, म्हणून पहिल्या २५ सेकंदांत दोन व्हिलेजरनी मिळून घर उभं केलं नाही तर सुरुवातीलाच अडकता. दुसरं, रानडुक्कर. हातातलं २०० फूड चार व्हिलेजरना पुरतं, पुढचं सगळं मेंढ्यांवर आणि ३४०-३४० फूडच्या दोन डुकरांवर. मेंढ्यांवरचे सहा जण पुरे पडेनासे होतात, तेव्हा डुक्कर टाउन सेंटरखाली आलेलंच हवं. ते अर्धा मिनिट उशिरा आणलं की फूड ५० च्या खाली जातं आणि व्हिलेजर बनण्याची रांग थांबते. घाईत जखमी व्हिलेजरलाच पुन्हा पाठवलं तर तो जातो: लूमशिवाय त्याचे हिट पॉइंट २५ आणि डुकराच्या चार धडकांत खेळ खलास. तिसरं, लाकूड. सुरुवातीच्या २०० लाकडातून दोन घरं ५० आणि लंबर कॅम्प (लाकूड जमा करायची जागा) १०० घेतात, उरतात ५०. बेरीजवळच्या मिलला (फूड जमा करायची जागा) १०० लागतात. त्यामुळे सहानंतरचे तीन-चार व्हिलेजर लाकडावर गेले नाहीत तर मिल लांबते, मग फूड लांबतं, मग फ्युडल.

फ्युडलच्या पुढे मी एकच गोष्ट बघतो: तुमच्या खर्चाचा आणि कमाईचा मेळ बसतो का. सरासरी खेळाडू आणि त्याच्या वरचा यांच्यात सर्वांत स्पष्ट फरक इथे दिसतो, युनिट नाचवण्यात नव्हे. टाउन सेंटर न थांबता चालू ठेवायला मिनिटाला १२० फूड लागतं, कारण दर २५ सेकंदांनी ५०. शेतावरचा एक व्हिलेजर सुरुवातीला मिनिटाला साधारण २० फूड आणतो. म्हणजे सहा शेतं फक्त व्हिलेजर बनवण्यासाठी. एका स्टेबलमधून (घोडदळाची इमारत) सलग स्काउट काढायचे तर ३० सेकंदांना ८०, म्हणजे मिनिटाला आणखी १६०, आणखी आठ शेतं. एकूण चौदा. ज्यांना हे माहीत नसतं ते आठ शेतांवर स्काउट काढायला बघतात, टाउन सेंटर रिकामं ठेवतात आणि "फूड का पुरत नाही" म्हणतात. आर्चर (तिरंदाज) बनवणाऱ्या दोन आर्चरी रेंजचंही असंच आहे. एक आर्चर ३५ सेकंदांत, २५ लाकूड आणि ४५ सोनं. दोन रेंजना मिनिटाला सुमारे १५५ सोनं लागतं आणि एक व्हिलेजर मिनिटाला २२-२३ सोनं काढतो, म्हणून सोन्यावर सात-आठ जण. पाचच ठेवले तर एक रेंज अर्धा वेळ उपाशी. बारा ठेवले तर सोनं साचतं आणि लाकूड संपतं.

साचलेलं साधन हीच उलट्या बाजूची चूक. बाराव्या मिनिटाला हातात ६०० लाकूड पडून असेल तर ती न लावलेली दहा शेतं आहेत. ५०० च्या वर काही साचलं की "पुढच्या एजसाठी साठवतोय का?" हे स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल तर इमारत कमी आहे किंवा माणसं चुकीच्या जागी आहेत. हे विचारण्याची सवय गेम चालू असतानाच लागली असेल, तर ११५० चा आकडा तुम्हाला फसवत नाहीये.

मग येतं समोरच्याला वाचणं. स्काउट सहा-सात मिनिटांच्या सुमारास त्याच्या तळावर जायला हवा आणि तिथे थोड्याच गोष्टी बघायच्या. फ्युडलआधी बॅरॅक्स (पायदळाची इमारत) उभं आहे का? असेल तर मिलिशिया किंवा मेन-ॲट-आर्म्स (तलवारीचं पायदळ) येतायत. फ्युडल दाबायच्या आधीच माणसं सोन्यावर? मेन-ॲट-आर्म्स किंवा आर्चर. सोन्यावर कुणीच नाही आणि बेरी, लाकूड भरलेलं? बहुधा स्काउट. उत्तरंही ठरलेली: स्काउटना स्पिअरमन म्हणजे भालेकरी (३५ फूड, २५ लाकूड) आणि लाकडाच्या वाटेवर पॅलिसेड (लाकडी कुंपण), आर्चरना स्कर्मिशर म्हणजे भालाफेके (२५ फूड, ३५ लाकूड). हे सगळ्यांना माहीत असतं. वरचा खेळाडू ते बघून दहा सेकंदांत स्वतःचा बेत बदलतो, सरासरीचा बघतो आणि ठरवलेलंच करत राहतो.

याची एक सोपी कसोटी सांगतो. हरल्यावर रिप्ले न बघता एका वाक्यात कारण लिहा, त्यात मिनिट असलं पाहिजे. "त्याचं सैन्य मोठं होतं" हे कारण नाही. "सोळाव्या मिनिटाला त्याचे क्रॉसबो (सुधारित आर्चर) आले तेव्हा मी अजून स्पिअरमन काढत होतो" हे कारण आहे. मग कॅप्चरएज (गेम बघण्याचं वेगळं सॉफ्टवेअर) लावून किंवा साध्या रिप्लेमध्ये त्याच मिनिटाला जाऊन पडताळा. तुमचं वाक्य बहुतेक वेळा बरोबर निघत असेल, तर तुम्हाला गेम दिसायला लागलाय. हे मी एलोपेक्षा वर धरतो.

काही आकडे मात्र फुगलेले असतात. फक्त अरीना या भिंतींनी वेढलेल्या नकाशावर खेळून ११५० झालेला खेळाडू अरेबियाच्या नकाशावर खुल्या मैदानात पहिल्या स्काउटलाच कोलमडू शकतो. प्रत्येक गेममध्ये टॉवर रश (समोरच्याच्या तळाजवळ लवकर बुरूज बांधून हल्ला) करणाऱ्याचा आकडा त्या एका डावपेचाचा असतो. तो अडवला गेला की पंधराव्या मिनिटानंतर काय करायचं ते त्याला ठाऊक नसतं. खात्री करायची असेल तर अरेबियावर तीन वेगळ्या सिव्हिलायझेशनने, एक स्काउटची, एक आर्चरची, एक सरळ कॅसलला जाणारी, असे वीस-वीस गेम खेळा. आकडा ६०-७० पेक्षा जास्त घसरला नाही तर तो तुमचाच. एक्स्ट्रीम एआयला (कॉम्प्युटरचा सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी) हरवणं मोजू नका. तो हल्ला परतवायला चांगला सराव देतो, पण त्याच्या सवयी पाठ होतात.

मित्रांच्या गटात तुम्ही आता एकतर्फी जिंकत असाल. तिथे मुद्दाम वाईट खेळू नका, समोरच्याला ते कळतं आणि लागतं. लॉबीत हँडिकॅपची सोय आहे: कमकुवत खेळाडूची टक्केवारी १०० वरून वाढवली की त्याचं कामकाज जास्त वेगाने चालतं. ११०-११५ पासून सुरू करा आणि तीन-चार गेममध्ये बरोबरी साधेपर्यंत हलवत राहा. आणि दुसरं खातं उघडून ८०० वाल्यांना झोडपण्याच्या वाटेला कृपा करून जाऊ नका. तिथे बसलेला माणूस तुम्ही काही महिन्यांपूर्वी जिथे होता तिथेच प्रामाणिकपणे शिकतोय.

११५० च्या पुढे बहुतेकांना अडवणारी गोष्ट म्हणजे कॅसल एजची पहिली पाच मिनिटं. फ्युडलमध्ये थोडी सरशी मिळाली की माणूस सगळं नाइट्समध्ये (महागडं घोडदळ) ओततो आणि समोरचा शांतपणे तीन टाउन सेंटरवर जातो. टाउन सेंटरला २७५ लाकूड आणि १०० स्टोन. सुरुवातीचे २०० स्टोन टॉवर किंवा दगडी भिंतीत घालवले नसतील, तर दोन जादा टाउन सेंटर खाण न काढता होतात, लाकूड मात्र ५५० हवं. तीन टाउन सेंटर मिनिटाला ३६० फूड खातात. जुन्या हिशोबाने ती अठरा शेतं झाली. व्हीलबॅरो (व्हिलेजरना वेगवान करणारं संशोधन) घेतलेलं असेल तर थोडी कमी. शेताला ६० लाकूड, म्हणून कॅसलकडे जाणाऱ्या त्या १६० सेकंदांत लाकडावरची माणसं वाढवा आणि शेतं आधीच टाकायला लागा. टाउन सेंटर उभी करून मग शेतं टाकायला गेलात, तर तिन्ही रिकामी उभी राहतात.