पहिली जुनी फ्रेंच टूरिंग सायकल घेताना

रने हर्स, अलेक्स सिंगर या हाताने घडवलेल्या महागड्या सायकलींच्या मागे आत्ताच लागू नकोस. सुरुवातीला प्युजो किंवा मोटोबेकान झकास. रंग उडालाय? उडू दे. आधी फ्रेम तुझ्या मापाची आहे का ते बघ. मग:

- सीटपोस्ट (सीटचा दांडा) आणि स्टेम (हँडल धरणारा, फ्रेममध्ये उतरणारा दांडा) हलतात का? जाम असतील तर सौदा सोड.
- खालच्या नळीला, हँडलच्या बाजूने, खालून बोट फिरव. फुगवटा लागला तर समोरून धडक बसलेली असणार.
- सिम्प्लेक्स कंपनीचे प्लास्टिकचे गिअर तडकतात. बदलायचा खर्च धरूनच भाव कर.

नवशिके हमखास फसतात ते मापांत. जुन्या फ्रेंच पेडलचे आटे १४ मिमीचे, स्टेम २२ मिमीचा. आजचा २२.२ चा स्टेम ठोकून बसवू नकोस (मी ठोकलाय!). बॉटम ब्रॅकेटचं (पेडलच्या दांड्या ज्यावर फिरतात तो फ्रेममधला भाग) पुराण सायकल घरी आल्यावर.