६३ चा सेट बसवलेली जुनी चेतक ठिणगी असूनही सुरू होत नाही, आता कोणता भाग बदलू?

आपण लिहिले आहे की १९८६ च्या चेतकला ६३ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर-पिस्टनचा सेट, २४ मिलिमीटर तोंडाचा कार्बोरेटर आणि मोकळा सायलेन्सर बसवल्यावर स्कूटर पहिल्या दिवशी सुरू झाली, थोडी फिरली, बंद पडली आणि त्यानंतर प्लगला ठिणगी दिसत असूनही उठलेली नाही. तेव्हा आता कॉइल बदलावी, कार्बोरेटर पुन्हा जुना लावावा की सीडीआय (ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) घालावे, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर असे की यांपैकी काहीही विकत घेऊ नये. आधी मॅग्नेट, म्हणजे क्रँकबरोबर फिरणारे चुंबकांचे जड चाक, उतरवावे आणि क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) बसलेली अर्धगोल चावी डोळ्यांनी पाहावी.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण आपल्या प्रश्नातील ‘स्पार्क तर येतो आहे’ या वाक्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा २०११ साली जो वाद झाला, तो आजही मिटलेला नाही. चेतक आमच्या वडिलांची होती. नाव नोंदवून त्यांनी तिच्यासाठी काही वर्षे वाट पाहिली होती आणि कोल्हापूरच्या आमच्या घरी ती आली तेव्हा मी चौथीत होतो. वडिलांच्या पश्चात ती दहा वर्षे जिन्याखाली उभी राहिली. पुढे दादांनी आणि मी मिळून ती उभी करायचे ठरवले आणि त्याच वेळी इटालियन सेट मागवला. मूळ बोअर ५७ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, हीही ५७, म्हणजे १४५ सीसी. बोअर ६३ झाला की त्याच स्ट्रोकवर ती १७७ च्या पुढे जाते. शिवाजी उद्यमनगरातून क्रँक नवा रॉड घालून, सरळ करून आणला आणि वरचे सगळे काम मी स्वतः केले.

ते काम आजही माझ्या हातांना आठवते. रिंग आधी नुसत्या सिलिंडरमध्ये सरकवून तोंडाची फट फीलर गेजने मोजली, पिस्टनवरील बाण एक्झॉस्टच्या बाजूला ठेवला, रिंगांची तोंडे खोबणीतील पिनांवर बरोबर आली आहेत हे बोटाने चाचपून पाहिले, क्रँककेसच्या (क्रँकभोवतीच्या कवचाच्या) तोंडात फडके कोंबून पिस्टनची पिन अडवणारे नवे सर्क्लिप बसवले आणि हेडचे चारही नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत घट्ट केले. पिस्टनवर शिशाची तार ठेवून क्रँक फिरवला, तेव्हा दबलेल्या तारेची जाडी, म्हणजेच पिस्टन आणि हेडमधली फट, १.४ मिलिमीटर भरली. आयत्या वेळी पुलर (मॅग्नेट ओढून काढायचे हत्यार) आणि टॉर्क पाना नव्हता, म्हणून फक्त मॅग्नेट बसवण्याचे काम दादांनी त्यांच्या ओळखीच्या एका गॅरेजकडे दिले. तिथे टेपर पुसला गेला नाही आणि नट पान्यावर हातोडा मारून ‘घट्ट’ करण्यात आला. मी शेजारीच उभा होतो आणि बोललो नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पहिल्या दिवशी ती तिसऱ्या किकला उठली. दादांनी आनंदाने ॲक्सिलरेटर पिळला, एकदा सायलेन्सरमधून मोठा बार निघाला आणि ती बंद पडली. त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या अंगणात जे चालले, तेच सध्या आपल्याकडे चालले असणार. दादा स्कूटर बाजूला वाकवून किक मारत, कारण वडील तसेच करीत. वाकवल्याने थंड इंजिनाला थोडे जास्तीचे पेट्रोल मिळते असा माझाही अनुभव आहे आणि वडिलांच्या काळी त्याचा उपयोगही होता. पण आमचा प्लग दर वेळी पेट्रोलने निथळत बाहेर येत होता, आणि ओल्या प्लगच्या इंजिनाला आणखी पेट्रोल पाजणे म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजण्यासारखे आहे. मी म्हणत होतो की पेट्रोल आहे, ठिणगी आहे, दाब आहे, तर मग ठिणगी चुकीच्या वेळी पडत असली पाहिजे. दादांचे म्हणणे असे की मॅग्नेटमध्ये टायमिंग हलेलच कसे, चावी असते ना! त्यांनी कार्बोरेटर बदलला, कॉइल बदलली, प्लगचा क्रमांक बदलला. हा खर्च त्या वेळी आम्हा दोघांनाही परवडणारा नव्हता.

अखेर उद्यमनगरातील एका वयस्क टर्नरने त्यांचा पुलर एका संध्याकाळपुरता दिला. मॅग्नेट सुटले, तेव्हा टेपरवर राखाडी ओरखडे होते आणि चावी चिमट्याने उचलून दिव्यापुढे धरल्यावर तिच्या मधोमध नखाच्या कडेएवढी पायरी दिसली. खालचा अर्धा भाग क्रँकच्या खाचेत राहिला होता आणि वरचा मॅग्नेटबरोबर मागे सरकला होता.

चेतकच्या रचनेत पॉइंट, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणारे संपर्क, उघडणारा कॅम (उंचवटा) मॅग्नेटच्याच बुंध्यावर असतो. मॅग्नेटला क्रँकवर धरून ठेवण्याचे काम टेपर करतो. चावी फक्त जागा दाखवण्यापुरती असते. नट सैल राहिला किंवा टेपरवर तेल असले, तर ॲक्सिलरेटर पिळताच क्रँक पुढे जातो, जड मॅग्नेट मागे राहते आणि चावी कापली जाते. त्यानंतरही चुंबक फिरतात, पॉइंट उघडतात आणि ठिणगी पूर्वीसारखीच निळी पडते, पण उशिरा पडते. टेपरचा व्यास २० मिलिमीटर धरला तर परीघ साधारण ६३ मिलिमीटर होतो, म्हणजे चावी १ मिलिमीटर सरकली की टायमिंग पावणेसहा अंशांनी हलते. ज्या इंजिनात दोन-तीन अंशांचा फरक जाणवतो, तिथे हे पुष्कळ झाले. आपली स्कूटरही पहिल्या दिवशी चालून मग बंद पडली, म्हणून माझा संशय तिथेच जातो. सीडीआय घातल्यानेही हा दोष जाणार नाही, कारण तिथेही ठिणगीची वेळ मॅग्नेटच ठरवते.

तेव्हा चावी नवी घालावी. टेपर खराब असेल तर चावी न लावता, व्हॉल्व्ह घासण्याची पेस्ट घेऊन मॅग्नेट हाताने पुढे-मागे फिरवत दोन्ही पृष्ठभाग करड्या रंगाचे एकसारखे होईपर्यंत घासावेत, मग पेस्टचा कणही न ठेवता पेट्रोलने धुऊन, कोरडे करून बसवावे. नट मी ६० न्यूटन-मीटरला आवळतो आणि त्यासाठी मॅग्नेट पकडायचे हत्यार वापरतो. पंख्याच्या पात्यांत पेचकस अडकवणाऱ्याच्या हाती स्कूटर देऊ नये. टायमिंग पाहताना प्लगच्या भोकातून पिस्टन अडवून, दोन्ही बाजूंनी फिरवून खरा वरचा बिंदू काढावा आणि त्यावरून खूण करावी. कारखान्याच्या खुणेवर मोठ्या बोअरच्या इंजिनात मी विसंबत नाही. उष्णता वाढत असल्यामुळे मूळ टायमिंगपेक्षा थोडे मागेच ठेवतो. एवढे झाल्यावर नळ बंद करून, प्लग काढून दहा-बारा किक माराव्यात, म्हणजे केसमध्ये साचलेले पेट्रोल निघून जाईल, आणि मग कोरडा प्लग लावून सुरू करून पाहावे.

आमची चेतक त्या रात्री दुसऱ्या किकला उठली. दादा तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणतात की ती नव्या कार्बोरेटरमुळे उठली. माझा त्यावर एकच प्रतिवाद आहे: नंतर मी जुना २० चा कार्बोरेटर, जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोक) तेवढा मोठा करून, परत लावला, आणि गेली अनेक वर्षे स्कूटर त्याच्यावरच चालते आहे. क्रँककेसमधील तोंड मोठे न करता २४ चा कार्बोरेटर बसवणे म्हणजे रुंद पन्हाळ अरुंद नळीला जोडणे होय. तो बसतो, पण त्याचा फायदा मिळत नाही.

काही गोष्टी राहून गेल्या. जुन्या चेतकच्या क्रँककेसमध्ये तिसऱ्या ट्रान्स्फर पोर्टची (मिश्रण सिलिंडरमध्ये नेणाऱ्या मार्गाची) वाट नसेल आणि आपला सेट तीन पोर्टचा असेल, तर आधी क्रँककेस कापून जुळवावी लागेल. चावी शाबूत निघाली, तर मॅग्नेटच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील पाहावे, कारण तिथून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि पातळ मिश्रणावर ६३ चा पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मेन जेट मोठ्यापासून सुरू करून, प्लगचा रंग काथासारखा होईपर्यंत एकेक पायरी खाली यावे. तेल २ टक्के घालावे आणि पंख्याचे व सिलिंडरचे आवरण काढून स्कूटर कधीही चालवू नये. शिवाय नोंदणी प्रमाणपत्रावर जुनीच सीसी असताना इंजिन वाढवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येते, हे जाणूनच रस्त्यावर यावे. ब्रेकही त्या जुन्याच वेगाचे आहेत.

मॅग्नेट उतरवल्यावर चावीच्या कडा सरळ आहेत की मध्ये पायरी आहे, एवढे कृपया कळवावे. जेटचे आकडे मी त्यानंतर सांगेन.