कोलंबोतील पांढरे पाहुणे

प्रश्न : १९०८ साली अमेरिकी युद्धनौका ब्रिटिशांच्या ताब्यातील कोलंबो बंदरात कशासाठी थांबल्या होत्या?

उत्तर : राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी डिसेंबर १९०७ मध्ये जगप्रदक्षिणेला धाडलेला १६ युद्धनौकांचा ताफा मनिलाहून सुएझकडे जाताना डिसेंबर १९०८ मध्ये कोलंबोत थांबला. शांततेच्या काळात मित्रराष्ट्राच्या लढाऊ जहाजांना पूर्वसंमतीने बंदर खुले करण्याचा रिवाजच होता. खरी निकड मात्र कोळशाची होती. लांबच्या पल्ल्यात तो संपत येई आणि पुन्हा भरून घेताना खलाशांसकट जहाजांची पांढरीशुभ्र रंगवलेली अंगेही काळवंडून जात. गंमत म्हणजे शक्तिप्रदर्शनासाठी निघालेल्या या आरमाराला कोळसा पुरवणारी भाड्याची जहाजे बहुतांशी ब्रिटिशच होती.